उडत्या वस्तीचा शेवटचा अंक

आक्का, परवा विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. नऊ जण बोलले. तुम्ही कष्टाळू होतात, मायाळू होतात, कुणाच्या अध्यात नव्हतात की मध्यात नव्हतात, असं सगळ्यांनी सांगितलं. अध्यात ना मध्यात! मला बसल्या जागी हसू आलं आणि पाठोपाठ रडू. ज्या बाईनं टीव्हीवरच्या अंतराळातल्या कप्तानाला त्याच्या हाताखालच्या बाईचा नवरा करून टाकलं आणि चार अंक तिच्या शिव्या खायला लावल्या, ती म्हणे कुणाच्या मध्यात नव्हती.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. धाकटी जाऊ, त्यात रिटायर झालेली अंगणवाडीची बाई, म्हणजे हिला बोलता येत असणार. मी उठले, तुमच्या फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले. बायकांना वाटलं, गहिवरली. गहिवरले नव्हते, भ्याले होते. तुमच्या लेकीच्या, मैनाच्या त्या दिवसाबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला पस्तीस वर्षं सांगितली नाही. ती तिथं माइकवर तोंडातून निघाली असती तर तुमच्याआधी गावाला कळली असती. म्हणून इथं लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. येत असतं तर बहुतेक लिहिलंही नसतं.

त्या वर्षी आपल्या केज तालुक्यात लागोपाठ दुसरा दुष्काळ. दोघींचे नवरे उसाच्या तोडीला लांब मुलखात गेलेले. तुम्ही पाझर तलावाच्या कामावर घमेलं उचलायचात आणि मी त्याच कामावर बाभळीखाली ताडपत्री बांधून बायकांची लेकरं सांभाळायचे. तीसेक लेकरं. भुकेली लेकरं गप्प बसवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. माझी गाणी आठवड्यात संपली, गोष्टी पंधरवड्यात. मग एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही भाकरी हातात घेऊन आलात, लेकरांच्या मधोमध बसलात आणि म्हणालात, "आयका रे. काल म्या उडती वस्ती बघितली."

लेकरं सरकत तुमच्याभोवती आली. मीही सरकले.

रविवारी तुम्ही दूध संस्थेचं अंगण झाडायला जायचात. संस्थेच्या ऑफिसात टीव्ही होता. सकाळी ती अंतराळातली मालिका लागली की सभासदांच्या घरची माणसं आत सतरंजीवर बसायची. आपण सभासद नव्हतो, कारण आपल्याकडे म्हैस नव्हती. म्हैस असती तर आत बसलो असतो का, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही विचारलं नाही. तुम्ही झाडत झाडत खिडकीपाशी यायचात, आणि खिडकीखालचा पाचोळा अर्धा तास संपायचाच नाही. पण खिडकीची काच धुळीमुळे कायम लावलेली, आणि शेजारी पिठाची गिरणी. तिच्या इंजिनाच्या ठोक्यांपुढे टीव्हीचा एक शब्द बाहेर येत नसे. आला असता तरी तो हिंदी होता. थोडक्यात, तुम्ही सगळी मालिका नुसती डोळ्यांनी पाहिलीत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण तुम्ही सांगताना माणसं अशी घडाघडा बोलायची की वाटावं, कप्तान आपल्याच आळीत लहानाचा मोठा झालाय.

मी बीडला असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झालेले. सासरी त्याचा उपयोग भिंत सारवण्यापुरता. त्या दिवशी मी म्हणाले, "आक्का, हे आपण काढू या. कॉमिक करू या." तुम्ही विचारलंत, म्हंजी काय? मी जमिनीवर काडीनं चार चौकोन काढले आणि एकेका चौकोनात तुमची गोष्ट घातली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग तिसऱ्या चौकोनावर पाय देऊन तो पुसलात. "ह्यो न्हाई. ह्यो झाल्यावर लगीच दार उगडतं. मदी काय बी होत न्हाई." मालिकेचं कॉमिक कसं करायचं याचा तो माझा पहिला धडा, आणि तो अक्षरशत्रू बाईनं दिला.

कागद संस्थेचे. दुष्काळानं म्हशी बाजारात गेल्या होत्या, दूध आटलं होतं, त्यामुळे दूध संकलनाच्या छापील फॉर्मांचे गठ्ठेच्या गठ्ठे तसेच पडून. संस्थेचे सचिव भला माणूस, पण भित्रा. मला म्हणाले, "बाई, तुमी व्हरांड्यात बसा. मी मशीन फिरवून आनतो." मी मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीनं चित्र कोरायचे, ते आत जाऊन सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचे, आणि शाईचा वास येणारे ओले कागद बाहेर यायचे. एका बाजूला उडती वस्ती, मागच्या बाजूला सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, फॅट, सगळे रकाने कोरे. सुई-दोऱ्यानं टाचलं की झाला अंक. पहिल्या अंकाच्या पंचवीस प्रती. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या बायकांनीही मागितल्या.

स्टेन्सिलचं एक दुखणं होतं. गोल पूर्ण काढला की मधला तुकडा गळून पडायचा आणि छापताना तिथं शाईचा डाग यायचा. पहिल्या अंकात सगळ्यांचे डोळे गेले. कप्तानासकट अख्खी वस्ती डोळ्यांच्या जागी काळे खड्डे घेऊन ताऱ्यांमधून निघाली. लेकरं रडायला लागली. तेव्हापासून मी डोळ्याचा गोल पूर्ण जोडत नसे, खाली बारीक फट ठेवायचे. तुम्ही म्हणालात, आता बरं, आता ती बघायलीत.

आणि तुमची बारीक नजर! "त्याच्या अंगावरचं कापड चंदेरी हाय, पन ढोपराला चुण्या पडत्यात. चुण्या काढ." "दार सरकताना मानसं आंग चोरत न्हाईत, त्यांना सवय हाय." माणसं जेवताना गोळ्या खातात हे तुम्ही पाहिलंत आणि लेकरांना समजावलंत, "त्यांच्याकडंबी दुष्काळच हाय रे, भाकर कुठली?" लेकरांना ते लगेच पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

आपलं पहिलं मोठं भांडण म्हाताऱ्यावरून झालं. मालिकेत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. हातात दोन फाट्यांचं काहीतरी धरून तो ओसाड ग्रहावर फिरायचा, थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा फिरायचा. तुम्ही त्याला पाहताक्षणी ओळखलंत. पाणाड्या! दुसरा कोण असणार? आपल्या गावात त्याच महिन्यात पाणाड्या येऊन गेला होता. कडुलिंबाची फाटी धरून संस्थेच्या माळावर असाच फिरला होता, त्यानं दाखवलेल्या जागी बोअर घेतलं आणि नुसता फुफाटा वर आला होता. तेव्हा उडती वस्ती म्हणजे पाण्याच्या शोधात निघालेली वस्ती, हे तुमच्या मते स्वच्छ होतं. त्याशिवाय कोण घरदार उचलून आभाळात जाईल?

तिसऱ्या अंकाला सचिव व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका, पन तुमची गोष्ट लई येगळी हाय. त्यो म्हातारा पाणाड्या न्हाई, शास्त्रज्ञ हाय. त्यांना कुठून तरी एक आवाज ऐकू येतोय. ते पाणी न्हाई हुडकत, आवाज हुडकायलेत."

मी तणतणत घरी आले. शिकलेली ना मी! म्हटलं, आक्का, अख्खी गोष्टच चुकली. तुम्ही चुलीपुढे होतात. मागे वळलाही नाहीत.

"त्यानं आयकलं. म्या बघितलं."

"अहो, पण आतल्या माणसाला खरं कळणार की बाहेरच्या?"

"आवाज हुडकायला कोन जातं गं घरदार सोडून? म्हाताऱ्याचं तोंड बघ. त्याला तहान लागलेली हाय."

"ऐकू येत नाही तर कशाला तोंडाला येईल ते सांगायचं?" मी म्हणाले. बोलून गेले आणि जीभ चावली. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. भाकरी वाढायचात, पण ताटाकडे बघून. चौथा अंक अडला. लेकरं माझा जीव खायला लागली आणि मी नमतं घेतलं. म्हटलं, पाणाड्या तर पाणाड्या. पण ते मनापासून नव्हतं. मला आत कुठं तरी कायम वाटत राहिलं की आपण लेकरांना चुकीचं शिकवतोय, आणि तुम्हाला कायम कळत राहिलं की मला तसं वाटतंय. ते भांडण मिटलं नाही, नुसतं झाकलं.

मग मैना. नऊ वर्षांची, पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. ती कामावर लेकरांना पाणी पाजायची आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. मालिकेत वस्तीवर एक लहान मुलगी होती, बॉबकटवाली. मी ती तशी काढली तर मैना म्हणाली, "काकू, हिला येण्या घाल की. आन् दात बी."

तुम्ही आधी कुरकुरलात. टीव्हीतल्या पोरीला वेण्या नाहीत, म्या बघितलं. मग मैनाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आसू दे. रेबिनीबी काढ." पाचव्या अंकापासून ती मुलगी दोन वेण्यांची, फुटक्या दाताची झाली. आणि तुमचं सांगणंही बदललं. "ती पोरगी" गेली. सोमवारी तुम्ही सुरुवातच करायचात, "काल आपली मैना दारातून आत गेली." "काल आपल्या मैनानं म्हाताऱ्याला जेवू घातलं." मैना फुशारकीनं इकडे तिकडे बघायची, जणू रविवारी खरंच कुठं तरी जाऊन आली होती.

आठव्या अंकात म्हातारा तिला काचेच्या पेटीत काहीतरी दाखवतो. काय दाखवतो ते खिडकीतून दिसलं नाही, तिथं कुणाचं तरी डोकं आडवं आलं. तुम्ही म्हणालात, पाणी दाखवत असंल, तू काढ. मी कपिलधारचा धबधबा काढला. शाळेत असताना पाहिलेला, कड्यावरून कोसळणारा. मैना त्या पानाला नाक लावून बसली. "काकू, खरंच पाणी वरून पडतं? बिना टँकरचं?" तुम्ही हसत तिच्या पाठीत धपाटा घातलात. "पडतं गं बये. तू झालीस त्या साली लई पडलं व्हतं." त्या हसण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आक्का. त्या वर्षात आपल्या घरात तेवढंच हसणं झालं.

आता त्या रविवारचं. आधी लिहिते ती तुम्हाला ठाऊक असलेली हकिगत.

मालिकेचा शेवटचा भाग होता आणि त्याच सकाळी आपल्या वस्तीवर टँकरची पाळी. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. टँकर आला की आपल्या आटलेल्या विहिरीत पाइप सोडून मोकळा व्हायचा, आणि मग ते पाणी गढूळ होऊन मुरायच्या आत जो तो दोर-पोहरा घेऊन धावायचा. काठ एका बाजूनं ढासळलेला. तुम्ही म्हणालात, "आज झाडायला जात न्हाई. पाणी भरते." मी म्हणाले, नाही आक्का, शेवटचा भाग आहे. लेकरं काय म्हणतील? तुम्ही जा. पाण्याला मैनाला पाठवा.

"येकटीला?"

"मी आहे की तिच्याजवळ."

तुम्ही झाडू घेऊन गेलात. विहिरीवर झुंबड उडाली, रेटारेटीत मैनाचा पाय ढासळत्या काठावरून सुटला. बायका संस्थेच्या अंगणात ओरडत आल्या तेव्हा तुम्ही खिडकीपाशी होतात. सचिवांनी आतून ती खिडकी उघडली आणि विचारलं, काय झालं? इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा उघडली होती. मैनाला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. तुम्ही माझे दोन्ही दंड धरून विचारलंत, "तू व्हतीस ना गं तिच्यापाशी?" आणि मी म्हणाले, हो.

ही झाली तुम्हाला ठाऊक असलेली हकिगत.

शेवटचा अंक निघाला नाही. लेकरांनी आठवडाभर विचारलं, मग त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घमेलं उचललंत. मला एका शब्दानं बोलला नाहीत. "मला धाडलं नसतंस तर", "तू धरलं का न्हाईस", असं काहीच नाही. मी वाट बघायचे. एखाद्या दिवशी चुलीतलं लाकूड उचलून माझ्या डोक्यात घालाल असं वाटायचं, आणि घातलं असतंत तर बरं झालं असतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या पोरांना न्हाऊ घातलंत. मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा दारात उभं राहून सगळ्या आळीला सांगितलंत की आमची निर्मला बाई झाली.

एकदाच विचारलंत, बऱ्याच वर्षांनी, गव्हाचे खडे निवडताना. "त्या कागदाचं काय केलंस?" मी म्हणाले, जाळले. तुम्ही मान हलवलीत आणि पुढचा खडा उचललात. जाळले नव्हते, आक्का. दहाच्या दहा अंक माझ्या ट्रंकेत तळाला आहेत. आणि त्याखाली शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठाचं स्टेन्सिल.

गेल्या महिन्यात तुम्हाला बीडला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी तुमच्या मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. दुपारची मी तुमच्याजवळ बसायचे. माझ्या नातवानं मला फोनवर जुन्या मालिका शोधायला शिकवलेलं, आणि तिथं मला ती सापडली. सगळे भाग. मी घरी नऊ-दहा भाग पाहिले होते, आवाजासकट. सचिव बरोबर होते. म्हातारा शास्त्रज्ञ होता, ती माणसं आवाजच शोधत होती, आणि कप्तान त्या बाईचा नवरा नव्हता, भाऊ होता. शेवटचा भाग लावायचा मला धीर झाला नाही. तो तुमच्याकडे आणला. का आणला, देव जाणे. आपल्याला देव नाही, तेव्हा कुणीच जाणत नाही. कदाचित मला वाटलं, तो बघताना तुम्ही मला शेवटी काहीतरी बोलाल.

"आक्का, उडती वस्ती सापडली. बघायची?"

तुम्ही डोळे उघडलेत. "आवाज बंद कर," म्हणालात.

मी आवाज बंद केला. फोन तुमच्या छातीशी धरला, आणि तुम्ही, ज्यांना उशीवर मान फिरवायला दोन माणसं लागत होती, त्या तुम्ही, सांगायला लागलात. "ह्यो बघ म्हातारा. थकलाय आता. ... कप्तान काय म्हंतोय ठाव हाय? म्हंतोय, लेकराला नको धाडू. ... आन् आता आपली मैना निघाली." पडद्यावर ती बॉबकटवाली मुलगी एका खड्ड्यापाशी आली होती. आत लोखंडी शिडी. "आता ती खाली उतरायली. बघ, येकदा बी वर बघत न्हाई."

तिचे केस खड्ड्याच्या काठाखाली गेले आणि तुम्ही फोनवर हात ठेवलात.

"बस. म्या हितवर बघितलं व्हतं. मग बायका वरडत आल्या."

पस्तीस वर्षं, आक्का, ती मुलगी तुमच्यासाठी त्या खड्ड्यातच होती. मी विचारलं, पुढचं लावू का? चारच मिनिटं आहेत. तुम्ही नाही म्हणालात. ती वर आली का नाही ते मला नको, म्हणालात. आणि मग तुम्ही माझा हात शोधलात.

"निर्मले, तू व्हतीस बघ तिच्यापाशी. म्या न्हवते. म्या परक्याच्या खिडकीत उभी व्हते. मला सारकं ह्येच वाटायचं, माजं लेकरू येकटं न्हवतं. आपलं मानूस व्हतं जवळ. त्याच्यावर दिवस काढले म्या."

तुम्ही माझे आभार मानत होतात. ज्या शब्दासाठी मी पस्तीस वर्षं मार खायला तयार होते, त्या शब्दावर तुम्ही पस्तीस वर्षं जगला होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत तुमचं सगळं आयुष्य होतं. मी तुमचे पाय चेपत राहिले. तुम्हाला झोप लागली, आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा विहारातून आल्यावर मी ती चार मिनिटं पाहिली. आवाज लावून. सांगू का काय होतं? खड्ड्यात एक यंत्र असतं. त्यातून येणारा आवाज त्या वस्तीचाच असतो, फार पूर्वी त्यांनीच सोडलेला, फिरून आलेला. मुलगी हसत शिडी चढून वर येते, सगळे टाळ्या वाजवतात, शेवटच्या नावांच्या पाट्या पडतात. एवढंच. पाणी नाही, काही नाही. संस्थेच्या सतरंजीवर बसलेली लेकरंसुद्धा कंटाळली असतील. याच्यासाठी मी तुम्हाला त्या खिडकीवर पाठवलं आणि तिला विहिरीवर. तुमचीच गोष्ट बरोबर होती, आक्का. तुमचा पाणाड्या या शास्त्रज्ञापेक्षा शंभर पटीनं खरा होता. हे तुम्ही असताना एकदा तोंड उघडून सांगायला माझं काय जात होतं? म्हणे शिकलेली.

मग ट्रंक उघडली. अंकांचे कागद पिवळे पडलेत, टाचलेले दोरे उसवलेत, पण चित्रं दिसतात. मागचे रकाने अजून कोरेच आहेत. तळाचं स्टेन्सिल काढलं तर मेणाला चिरा गेलेल्या. शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ. मैनाचा नुसता चेहरा, पानभर, दोन वेण्या, फुटका दात. एक डोळा आहे, खालची फट बरोबर ठेवलेला. दुसरा अर्धाच आहे.

तुम्ही विचाराल, विहिरीवर मी नव्हते हे कुणाला कसं कळलं नाही. कारण तिथं कुणालाच कुणाकडे बघायची सवड नव्हती. मी आरडाओरडा ऐकून धावत आले, घोळक्यात घुसले, ऊर बडवला, आणि सगळ्यांना वाटलं ही पहिल्यापासून इथंच आहे. मी मैनाला पोहरा देऊन पुढे पाठवलं होतं. म्हणाले होते, तू हो पुढं, एवढं संपवून आलेच. मुखपृष्ठ त्याच दिवशी सचिवांना द्यायचं ठरलं होतं. अंक वेळेवर निघाला पाहिजे, असं मला वाटत होतं. दुसरं काही नाही, एवढंच वाटत होतं. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "काकू, दात नीट काढ." मी मानही वर केली नाही. मी "हो" म्हणाले.

तुम्हाला नंतर म्हणाले तोच शब्द.

मैना एकटीच होती, आक्का. मी तिच्यापाशी नव्हते. मी उंबऱ्यात उजेडाला बसून तिचा दुसरा डोळा काढत होते.